हौद्यातली हिरवी लोकर

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा अजून भंगारात कसा गेला नाही? माझा पुढचा एक दिवा कललेला आहे, डाव्या दाराला दोरी बांधलेली आहे आणि अंगावर रंगाचे इतके थर चढलेत की मूळ रंग कोणता हे मलाही सांगता येणार नाही. सांगलीच्या शेजार सेवा मंडळाचा मी म्हातारा टेम्पो. माणसं माझ्यात बसून खूप बोलतात, पण मला कुणी काही विचारत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा हौदा कुपवाडच्या एका शेडमध्ये बांधला गेला. मिस्त्री तळाला पत्रा टाकणार होता, पण माझे पहिले मालक सुकुमारअण्णा हळदीचे व्यापारी. ते म्हणाले, "पत्र्याला घाम सुटतो, हळद ओलावते. बाभळीच्या फळ्या टाका." तेव्हापासून मी फळ्यांवर हळदीची पोती वाहिली. माझ्या सांध्यासांध्यांत पिवळी धूळ भरली. पुढे अण्णांनी मोठी गाडी घेतली आणि मला ते चालवत असलेल्या मंडळाला देऊन टाकलं. माझ्याबरोबर नाथाजीही आले. नाथाजी माझे चालक. ते साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. पलटणीत गाड्या चालवून निवृत्त झालेले. रोज सकाळी माझ्या चाकांवर बोटाने टिचक्या मारून हवा बघायची त्यांची सवय.

पाऊस सरला, ऊन कडक व्हायला लागलं, की मंडळाच्या कामाला भर येई. नदीचा पूर ओसरल्यावर घाटावर साचलेला गाळ मी वाहायचो. नवरात्रात निर्माल्य गोळा करून शेतात खतासाठी पोचवायचो. अण्णांच्या पत्नी राजमतीकाकी आणि गल्लीतल्या बायका भाद्रपदापासून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत, आणि दसरा ते दिवाळी या दिवसांत आम्ही त्या लांबच्या वस्त्यांवर नेत असू. खंडेनवमीला माझ्या टपावर झेंडूची माळ चढे. "हा आपला सगळ्यात जुना कार्यकर्ता," असं अण्णा म्हणत, तेव्हा माझा कललेला दिवासुद्धा ताठ होई. उरलेलं वर्ष मात्र मी मंडळाच्या खोलीमागे उभा. माझ्या आरशावर कुणी ओलं फडकं वाळत घाली, तर कोंबड्या हौद्यात अंडी घालत.

हे असंच चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझ्याभोवती संशय घुटमळू लागला.

नाथाजी सोयाबीनच्या मळणीला गावी गेले होते. माझी चावी मंडळाच्या खोलीत खिळ्याला. एका सकाळी एक अनोळखी माणूस आला. त्याने चाकांकडे पाहिलं नाही की पाणी बघितलं नाही. बसला आणि सरळ मला जत तालुक्याच्या वाटेला लावलं. भर दुपारी एका माळावर त्याने आणि तिथे वाट बघत थांबलेल्या त्याच्या जोडीदाराने माझ्या हौद्यात मेंढरं चढवली.

मेंढरं वाहण्यात वावगं काय? मीही आधी तसंच समजलो. पण मग मला एकेक गोष्ट खटकू लागली. मेंढरांबरोबर मागे कुणीच बसलं नाही. एवढ्या उन्हात त्यांच्यावर ताडपत्री ओढली. डांबरी रस्ता समोर असताना तो मला खडबडीत आडवाटांनी नेत होता आणि समोरून मोटारसायकल आली की तोंड फिरवत होता. मेंढरं आत ओरडत होती. मालकाच्या हाकेला ओ देतात तसं नव्हे ते ओरडणं. मी काय करणार? मला थांबता येत नाही. मेंढरं लांब कुठेतरी उतरवून परतताना एका ओढ्यात त्याने मला आतून-बाहेरून घासून धुतलं. मंडळात आल्यापासून मला इतकं स्वच्छ कुणी केलं नव्हतं. त्या धुण्यानेच मला सर्वांत जास्त भीती वाटली.

नाथाजी गावाहून आले आणि माझ्या हौद्यात वाकून वास घेऊ लागले.

"तुला कुणी रं धुतलं?" ते मलाच म्हणाले.

मग त्यांनी भरतेशला विचारलं. भरतेश हा अण्णांचा पुतण्या, मंडळाचा चिटणीस. गोड बोलणारा, कुणाला नाही न म्हणणारा पोरगा.

"मंडळाच्याच कामाला नेलता, नाथाजीमामा," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

"कंच्या कामाला?"

"हाय की असंच. गाळ होता थोडा."

गाळ वाहिला तर फळ्यांना चिकटलेला दिसतो. नाथाजींनी फळ्यांवरून हात फिरवला, बोटाला मातीचा कणही लागला नाही. त्या दिवसापासून ते चावी खिशात ठेवू लागले. अण्णांच्या हे ध्यानात आलं, आणि त्यांना वेगळीच शंका आली. चावी खिशात कशाला? डिझेल एवढं कसं संपलं? नाथाजी परस्पर भाडी मारतात की काय? त्यांनी विचारलं काहीच नाही. नुसते माझा किलोमीटरचा काटा वाकून बघायचे. मित्रांनो, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तरी देता येतं. न विचारलेला प्रश्न माणसांच्या मध्ये दगडासारखा पडून राहतो. वर्षभर माझ्या पुढच्या सीटवर बसून दोघे जण एकमेकांशी फक्त रस्त्याबद्दल बोलत.

मग पुढचा आश्विन आला. गोधड्या भरून आम्ही निघालो, नाथाजी, अण्णा, राजमतीकाकी आणि भरतेशही. मिरज मागे पडलं, कवठेमहांकाळ गेलं, ऊस संपला, ज्वारीचं हिरवं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की हा तोच माळ. माझं इंजिन दोनदा बंद पडलं. नाथाजी म्हणाले, "आज का अडतोय ह्यो?"

धनगरांची वस्ती होती. माणसं बाहेर आली, पण जवळ कुणी येईना. सगळ्यांच्या पुढे हरणाबाई. वय झालेलं, पाठ ताठ, डोळे बारीक केलेले. नवरा गेल्यावर तिनेच कळप वाढवला होता. राजमतीकाकींनी हसून एक गोधडी तिच्यापुढे धरली.

"कशापायी देताय?" हरणाबाईने हात पुढे केला नाही.

"थंडी येतीया नव्हं, म्हणून आणल्यात."

"थंडी दर साली येतीया. तुमी यंदाच कशा आला? मतं पायजेत का जमीन पायजे?"

"काय सुदिक नको, बाई."

"काय नको म्हणणाराचंच लय भ्या वाटतं."

तिने गोधडी घेतली, उलटी केली आणि दातांनी एका कोपऱ्याची शिवण उसवून आत काय भरलंय ते पाहिलं. काकींचा चेहरा उतरला. ती गोधडी त्यांनी स्वतः शिवली होती. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "बघा, बघा. माझ्या सासूबाईंचं लुगडं हाय आत."

हरणाबाईचं समाधान झालं नाही. "अजून काय हाय मागं, बघू दे," असं म्हणत ती माझ्या हौद्यात चढली. तिने ताडपत्री उचलली. कोपरे तपासले. मग ती खाली बसली. फळी आणि लोखंडी पट्टी यांच्या फटीत तिने नख घातलं आणि काहीतरी ओढून काढलं. लोकरीचा चिमूटभर पुंजका होता. त्याच्या टोकाला हिरवा रंग सुकून घट्ट झाला होता.

तो पुंजका तिने मुठीत घट्ट धरला. मग तिने वस्तीकडे तोंड करून आरोळी ठोकली, "हिकडं या रं समदी! माज्या मेंढरांची गाडी गावली!"

त्याच्या आदल्या वर्षी बाजाराच्या दिवशी ती जतला गेली असताना तिची अकरा मेंढरं चोरीला गेली होती. प्रत्येक धनगर आपल्या मेंढरांवर आपली खूण करतो. हरणाबाईची खूण होती पाठीवर हिरवा पट्टा. त्या अकरांतल्या तीन मेंढ्या गाभण होत्या. त्या चोरीनंतर तिने परक्या माणसाला वस्तीवर पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

माणसांनी मला घेरलं. एकाने माझ्या चाकापुढे धोंडा लावला. "पोलीस आल्याबिगर गाडी हलायची न्हाई!"

"गाडी कोण चालवतं?" हरणाबाईने विचारलं.

"मी," नाथाजी म्हणाले.

"चावी कुनाजवळ असती?"

"माज्याजवळ. आवं पण मावशी, गेल्या साली त्या दिसांत मी गावाकडं हुतो. सोयाबीन मळत हुतो."

"समदे चोर गावालाच असत्यात!"

नाथाजींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी म्हणायला हवं होतं, हा माणूस तसा नाही. पण वर्षभर साठलेला संशय त्यांच्या तोंडून बाहेर पडला. "नाथाजी, खरं काय ते सांगा आता. काटा वाढलेला मी बघितलाय."

"अण्णा, तुमी बी?" नाथाजी एवढंच म्हणाले. सीमेवर कित्येक थंड्या काढलेला तो माणूस माझ्या चाकाला टेकून खाली बसला.

भरतेश तेव्हा माझ्या उजव्या बाजूला उभा होता. माझ्या आरशात मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो दोनदा बोलायला गेला आणि दोनदा थांबला. मला वाटलं, हा आता मागच्या मागे निघून जाईल. कुणाला कळलंही नसतं.

पण तो पुढे आला. "काका, नाथाजीमामांना सोडा. चावी मी दिली हुती."

"कुणाला?"

"ओळखीचा हुता. म्हंजे, ओळखीच्याचा ओळखीचा. लग्नाचं सामान न्यायचंय म्हणाला. मी इचारलंच न्हाई. मामांनी इचारल्यावर खोटं बोललो. मग खोटं उलगडायचं धाडस झालं न्हाई." तो हरणाबाईपुढे जाऊन उभा राहिला. "आजी, मेंढरं मी न्हेली न्हाईत. पर माज्यामुळंच गेली."

मला वाटलं ती त्याला मारेल. तिने नुसतं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गोधड्या माघारी न्या," ती म्हणाली. "आधी माजी मेंढरं आणा."

पोलीस आले. भरतेशने नाव सांगितलं आणि तो माणूस पंधरवड्यात सापडला. अशाच उसन्या मागून घेतलेल्या गाड्यांनी त्याने आणखीही ठिकाणी हात मारला होता. हरणाबाईच्या चार मेंढ्या मिळाल्या, बाकीच्या कधीच विकल्या गेल्या होत्या. मी पुरावा होतो. मला जतच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभं केलं. ती दिवाळी आणि पुढचे हिवाळा, उन्हाळा, पावसाळा मी तिथेच काढले. चाकं बसली, टपावर वेल चढला. नाथाजी सांगलीहून एसटीने यायचे, माझी काच पुसायचे आणि जायचे. एकदा त्यांच्याबरोबर अण्णा आले. दोघे माझ्या सावलीत खाली बसले.

"चुकलं माझं, नाथाजी. तोंडावर इचारायला पायजे हुतं," अण्णा म्हणाले.

"मी बी सांगायला पायजे हुतं, अण्णा. धुतल्याचा वास आलाच हुता मला," नाथाजी म्हणाले. मग दोघांनी एका कागदातली शेव खाल्ली.

भरतेशचं काय झालं ते मला नाथाजींच्या बोलण्यातून कळत गेलं. दर रविवारी तो दुचाकीवरून त्या वस्तीवर जाई. हरणाबाई त्याला मेंढरांजवळ फिरकू देत नसे. मेंढरं कोंडायच्या वाडग्याला काट्यांचं कुंपण घाल, टँकर आला की पाणी भर, दगड वेच, अशी कामं सांगे आणि बांधावर बसून त्याच्यावर नजर ठेवी. त्याचे हात फाटले. त्याने चिटणीसपद सोडलं होतं, पण रविवार सोडला नाही. हळूहळू मंडळातले बाकीचेही त्याच्यामागून जाऊ लागले. आधी विचारत, "काय काम हाय?" आणि मगच निघत.

यंदाच्या आश्विनात मी सुटून, डागडुजी होऊन पुन्हा रस्त्यावर आलो. नाथाजी आणि भरतेश मला घेऊन त्या वस्तीवर कुंपणाचे खांब पोचवायला गेले, तेव्हा हरणाबाई धावतच सामोरी आली. मेंढी अडली होती. सकाळपासून कळा देत होती आणि कोकरू बाहेर येत नव्हतं. चोरीतून परत मिळालेल्या चारांपैकी ती एक. जतचा जनावरांचा दवाखाना लांब होता.

हरणाबाई माझ्यासमोर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. याच फळ्यांवर तिची मेंढरं गेली होती. मला खात्री होती, ती मला हात लावणार नाही.

"घाला हिला गाडीत," ती म्हणाली.

नाथाजींनी मला इतकं जपून कधी चालवलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला ते मला जवळजवळ उचलून नेत होते. मागे हरणाबाई आणि भरतेश मेंढीला धरून बसले होते. दवाखान्यापुढे मेंढीला उतरवायला वेळच नव्हता. डॉक्टर हात धुऊन माझ्या हौद्यातच चढले. भरतेशने मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने फळ्यांवर काहीतरी ओलं, गरम पडलं. ते हललं नाही. हरणाबाईने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला आणि फुंकर घातली. मग ते शिंकलं.

डॉक्टरांनी मेंढीसाठी औषध आणायला सांगितलं. दुकान रस्त्यापलीकडे होतं. हरणाबाई उठली, खाली उतरली, दोन पावलं गेली आणि वळली. भरतेशकडे तिने बारीक डोळे करून पाहिलं.

"ह्यास्नी बघ," ती म्हणाली. "आलेच मी."

आणि ती मागे न बघता रस्ता ओलांडून गेली.

मित्रांनो, हरणाबाईचा संशय पुरता गेला असं मी म्हणणार नाही. परवाच ती मंडळाच्या नव्या चिटणिसाला उलटसुलट विचारत होती. विचारू द्या. तुम्ही मोठे व्हाल, चांगली कामं कराल, कुणाला काही द्यायला जाल. तेव्हा समोरच्याने शिवण उसवून पाहिली तर रागावू नका. त्याचंही काहीतरी गेलेलं असतं. आणि आपली गाडी कुणाच्या हाती देताना एवढंच विचारा, कुठे नेतोस, काय आणतोस? आम्ही गाड्या मुक्या असतो. आमच्या वतीने तेवढा प्रश्न तुम्हीच विचारायचा.