मी तोललेल्या लाह्या

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. पण भाजीबाजारात हेलकावे खाणारा तो मी नव्हे हं! मी काचेच्या पेटीत बसणारा, पितळी पारड्यांचा, प्रयोगशाळेतला तराजू. माझ्यासमोर कुणी शिंकलं तरी माझा काटा थरथरतो. पंखा मला चालत नाही, गरम वाटी खपत नाही, आणि माझी वजनं बोटांनी उचललेली तर मुळीच नाही. त्यासाठी चिमटा असतो. याचे नखरे फार, असं लोक म्हणायचे. म्हणू देत बापडे! नखरे होते म्हणून तर माझ्या शब्दाला मान होता.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. तो पारडी घासायचा, टांगायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि पुन्हा काढून घासायचा. त्याची बायको वैतागून म्हणायची, "अहो, जावई निवडताना तरी इतकं पारखलं होतंत का?" तो हसायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. त्याचा तो खरखरीत, मायेचा हात मला अजून आठवतो.

पुढे मी खाण्याच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. तिथे मोठ्या बाईंचं राज्य होतं. त्यांच्या हाताखाली एक रसायनतज्ज्ञ होते. त्यांच्या जाड भिंगांमुळे सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस हुशार, कामात चोख, फक्त जिभेचा हावरा. आमच्याकडे तपासणीचं सगळं मिटलं की राखून ठेवलेला माल चहाबरोबर फस्त करायची पद्धत होती. काय हसणं, काय चेष्टा चालायची तेव्हा! चहाची वेळ झाली की माझ्या काचेवर सगळ्यांच्या सावल्या गोळा व्हायच्या आणि मला घर भरल्यासारखं वाटायचं.

एकदा एका शाळेने पॉपकॉर्नची पाकिटं पाठवली. तीन प्रकारची, प्रत्येकाची दोन दोन. मुलांसाठी त्यातलं एकच ठेवायचं होतं. कशात मीठ, तेल आणि साखर किती, ते सांगा, असं शाळेचं म्हणणं. पहिलं होतं लोणी लावलेलं, चकचकीत, फुगलेल्या पाकिटातलं. उघडलं तर बडा घर पोकळ वासा, निम्मी हवाच! दुसरं साखरेच्या पाकातलं, बोटांना चिकटणारं. तिसरं मात्र साध्या पिशवीतलं. एक मावशी घरीच मोठ्या पातेल्यात लाह्या फोडायच्या आणि त्यांची सून पिशव्या भरायची. ती शाळा हेच त्यांचं मोठं गिऱ्हाईक. ती गेली असती तर चूल विझल्यातच जमा.

आमची रीत अशी, की एक पाकीट सील लावून कपाटात ठेवायचं आणि दुसरं आख्खं तोलून, आख्खं दळायचं. चष्मेवाल्यांनी मावशींचं पाकीट फोडलं आणि सहज एक लाही तोंडात टाकली. मग दुसरी. मग मूठभर. समोर चहा वाफाळत होता, मग काय विचारता! वर स्वतःशीच म्हणाले, "शंभर ग्रॅममध्ये किती, एवढंच तर काढायचंय. वरचे शंभर काय नि खालचे शंभर काय!"

अहो, असं कसं चालेल? लाह्या फुलून वर राहतात आणि मीठ तळाला बसतं. पाकिटात उरला होता खारट, तेलकट चुरा आणि गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे. त्यांनी तेवढंच दळलं आणि माझ्या पारड्यात ठेवलं. मी सगळं पाहिलं होतं. पण मला काटा आहे, जीभ नाही. पारड्यात पडेल तेवढंच मी सांगणार.

निकाल लागला. सर्वांत जास्त मीठ मावशींच्या लाह्यांत! तो निकाल शाळेत गेला आणि मावशींचा माल बंद झाला.

काही दिवसांनी मावशी स्वतः आल्या. दारातच चपला काढून उभ्या राहिल्या.

"बाई, मी भांडायला नाही आले," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "नातवंडांना देते तेच पाकिटात भरते. एवढं मीठ असतं तर घरात कुणाच्या घशाखाली उतरलं असतं का? माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा."

मोठ्या बाईंनी वळून विचारलं, "पाकीट आख्खं दळलं होतंत ना?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. हो म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? माझा तर जीव टांगणीला लागला.

"नाही बाई," ते म्हणाले. "वरच्या लाह्या मी खाल्ल्या."

"खाल्ल्या?"

"चहाबरोबर. फार छान झाल्या होत्या हो."

आता मावशी घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "अगं बाई! आवडल्या म्हणून माझ्या पोटावर पाय दिलात होय?"

चष्मेवाल्यांची मान वर होईना. मोठ्या बाईंनी कपाटातलं सीलबंद पाकीट काढलं, स्वतः तोललं, शेवटच्या गणंगापर्यंत दळलं. त्या वेळी सगळ्यांनी आपणहून श्वास रोखला होता. मीठ तिन्हींत सर्वांत कमी निघालं. तेल लोणीवाल्याच्या निम्मं, आणि साखर तर नावालाही नाही.

नवा निकाल घेऊन चष्मेवाले स्वतः शाळेत गेले. तिथे त्यांना काय ऐकावं लागलं, देव जाणे. परत आले तेव्हा कान लालबुंद होते. पण मावशींचं पातेलं पुन्हा तापलं. खाल्ल्या मिठाला माणूस जागला, तेही वरच्या अळणी लाह्या खाऊन!

त्यानंतर चहाबरोबर काही खायची पद्धत बंद झाली. बरोबरच झालं. तरी खरं सांगू? मला ती कुरकुर आणि तो दंगा फार आठवतो. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, चष्मेवाले गेले, आणि आकडे चमकवणारं नवं यंत्र माझ्या जागी आलं. मी आता अडगळीच्या खोलीत आहे. एक पारडं कलंडलंय, काचेवर धूळ साचलीय आणि वजनांची डबी कुठे गेली कुणास ठाऊक. रोज कुणी तोलायला येत नाही याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

मित्रांनो, कधी आलात तर माझी काच मऊ फडक्याने पुसा, आणि पारड्यांना बोटं लावू नका, एवढं ऐका म्हाताऱ्याचं. आणि कुणाला तोलायची वेळ तुमच्यावर आलीच, तर आख्खं तोला. तळाच्या चुऱ्यावरून कुणाला खारट म्हणण्याआधी, वरच्या लाह्या कुणी खाल्ल्या ते विचारा.