तोहिरचा सायलेन्सर

आमच्या गल्लीत सकाळपासून ठोकाठोक चालते. पत्रा कापा, गुंडाळा, ठोका, जोडा. मोटरसायकलचे सायलेन्सर बनतात इथे. कंपनीचे नव्हेत हो. कंपनीचा काढून फेकायचा आणि त्या जागी बसवायचा तो, गावभर बोंब मारणारा. जावा बेटावरच्या आमच्या पुरबलिंगाचा हा माल जाकार्ताला जातो, समुद्र ओलांडून सुमात्राला जातो, तिथल्या लोकांच्या झोपा उडवतो आणि इथे आमच्या चुली पेटवतो. पण आमच्या स्वतःच्या गल्लीत तसला सायलेन्सर लावून कुणी फिरायचं नाही, हा नियम. आहे की नाही गंमत? विष विकायचं, पण घरात ठेवायचं नाही.

नियम मोडला रासेमच्या तोहिरने. कांग साविनच्या कारखान्यात काम शिकला आणि पहिला सायलेन्सर स्वतःच्या हाताने केला. पहिला नग आमच्यात विकत नाहीत, घरात खिळ्याला टांगून ठेवतात. बाप असता तर त्याने टांगायला लावला असता. बाप नव्हता, म्हणून ह्या पठ्ठ्याने तो सरळ गाडीला लावला. कंपनीचा टाकला भंगारात. मग काय विचारता! नदीच्या पुलावर गाडी चढली की माझ्या टपरीतले ग्लास किणकिणायला लागायचे.

"मेल्या, माझी भजी तेलातून उडतात तुझ्यामुळे!" मी ओरडायची.

"मग उवा, फुकटची हवेत झेलतो की," असं म्हणून दात काढायचा. मला उवा म्हणायचा, आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. सख्खी नाही मी, पण रासेम मला यु, म्हणजे ताई, म्हणायची, तेव्हा नातं झालंच.

रासेम त्याच कारखान्यात जोडाच्या कडा कानशीने घासायची. उभं आयुष्य त्या खणखणाटात गेलं. कान गेले होते बिचारीचे. अगदी जवळ जाऊन ओरडावं लागे, तेव्हा कुठे मान हलवायची. मी एकदा म्हटलं, "बाई, तुझ्या पोराने उच्छाद मांडलाय." तर हसली.

"यु, जगात मला तेवढाच आवाज येतो गं. पुलावर आला की कळतं, मी भात वाढायला घेते. तो आवाज बंद झाला तर माझं पोरगं घरी आलं की नाही, मला कोण सांगणार?"

मी तिला एक भजं जास्त दिलं.

गोष्ट चिघळली ती पाक मुदाकिरची मुलगी बाळंतपणाला आल्यावर. पाक मुदाकिर म्हणजे आमच्या गल्लीचा प्रमुख; मोठ्या माणसाला आम्ही मानाने पाक म्हणतो. माणूस वाईट नाही, पण शब्द एकदा तोंडातून गेला की गिळता येत नाही त्याला. नातू जरा डोळा लावतो न लावतो, की तोहिर आलाच दणाणत. एका संध्याकाळी माझ्याच टपरीसमोर मुदाकिरने त्याची गाडी अडवली. रासेमही धावत आली.

"हा सायलेन्सर उतरव," मुदाकिर म्हणाला.

"तुमचं पोट कशावर भरतं, पाक?" तोहिर म्हणाला. "काल ट्रक भरून पाठवलेत की तुम्ही. तिकडच्या लोकांना लेकरं नसतात?"

खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मुदाकिरचा चेहरा लालबुंद झाला. "रासेम, ऐक! एक तर हा सायलेन्सर गल्लीत राहील, नाहीतर आम्ही. उतरवत नसेल तर पोराने आपलं बस्तान दुसरीकडे हलवावं."

"बघतोच!" तोहिर म्हणाला. "समुद्रापलीकडे, कालिमांतानला चाललो मी. तिथे खाणीत कुणी विचारत नाही गाडीचा आवाज किती ते."

रासेमला यातलं किती ऐकू आलं देव जाणे, पण कालिमांतान ऐकू आलं. तिचा चेहरा असा उतरला की मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी टपरीवर येऊन बसली आणि चहा तसाच थंड केला.

"यु, तिकडे गेलेलं कुणी परत आलंय का गं? मला तो इथे हवा. माझ्याशी भांडू दे, गल्लीशी भांडू दे, पण इथे."

"अगं, तापट आहे तो, जाणार कुठे?"

"त्याचा बापही असाच बोलायचा, आणि बोलला ते करायचा."

मग आला श्रमदानाचा रविवार. पुरुष फावडी-घमेली घेऊन जमले. दरवेळी गटारं साफ करतात. ह्या वेळी मुदाकिरने ठरवलं, गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर घालायचा. माडाचं खोड उभं चिरून त्याचा अर्धा भाग रस्त्यात आडवा टाकला, दोन्ही अंगांनी सिमेंट लिंपलं. चांगला वीतभर उंच!

"अहो, एवढा उंच?" मी म्हटलं. "माणसं येणार आहेत की म्हशी अडवायच्यात?"

"बसू दे एक दणका त्याला. हाडं खिळखिळी झाली की येईल वठणीवर," मुदाकिर म्हणाला. "यु तुरिनी, तू आपली भजी तळ."

आणि तळली मी. पिठात बुडवून टेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे पातळ काप, वर कांद्याची पात. गरमागरम मेंदोआन आणि हिरव्या मिरच्या. सिमेंट लवकर सुकावं म्हणून कुणीतरी त्यावर रस्त्याचीच धूळ पसरली. झालं, रस्ता कुठला आणि खोड कुठलं, कळेना. त्यात वरून बांबूच्या बेटाची सावली.

कांग साविन म्हणाला, "चुन्याचे पट्टे मारा रे आधी. नाहीतर कुणीतरी उभं राहा तिथे."

"चुना उद्या आणू," मुदाकिर म्हणाला. "आणि उभं कशाला राहायचं? तोहिर येईल तो पुलावरूनच सांगत येईल. आवाज आला की उठून हात दाखवू."

सगळे हसले. मीही हसले. सगळे टपरीत येऊन बसले, पाठी रस्त्याकडे, हात ताटलीत. सगळ्यांचे कान मात्र पुलाकडे.

सकाळी रासेम तोहिरच्या मागे बसून बाजाराला गेली होती. जाताना माझ्याकडे वाकून म्हणाली होती, "यु, माझ्यापुरतं एक मेंदोआन ठेव. आज परत येताना मुदाकिरची गंमत करते बघ." मला वाटलं, कानाबरोबर डोकंही गेलं हिचं.

मागाहून तोहिरनेच सांगितलं. रात्रभर तिने त्याच्यापुढे हात जोडले होते. आईने हात जोडल्यावर पोरगं किती ताणणार? बाजारात जुन्या सामानाच्या दुकानात कंपनीचा सायलेन्सर मिळाला, तो बसवला. आपला तो काढून पोत्यात गुंडाळला आणि आईच्या मांडीवर दिला. ती म्हणाली, घरी खिळ्याला टांगू, रीतीप्रमाणे. गल्लीसाठी नोपियाचा, गुळाचं सारण भरलेल्या गोळ्यांचा, मोठा पुडाही घेतला. सगळे श्रमदानाला जमलेले असतील, आपण मुकाट्याने त्यांच्या मागे जाऊन उभे राहू, मग बघू मुदाकिरचं तोंड. अशी गंमत होती ती.

पूल ओलांडला, आम्हाला कळलं नाही. बांबूच्या बेटाशी आले, कळलं नाही. ती लुंगी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पुडा, दुसऱ्या हाताने मांडीवरचं पोतं धरलेलं. धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

दण्णकन आवाज झाला. मग रस्त्यावरून काहीतरी खणखणत गेलं आणि माझ्या टपरीच्या खांबाला येऊन लागलं. तो सायलेन्सर होता. मी वळून बघितलं तेव्हा रासेम डोक्यावर पडलेली होती. नोपिया सगळीकडे विखुरलेले, आणि तोहिर गाडी टाकून "आई, आई" करत तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. ऐकू येत नव्हतं ना तिला. सवय होती त्याला तशी.

कांग साविनच्या टेम्पोत घातली. इस्पितळ येण्याआधीच गेली ती.

मुदाकिर माझ्या बाकावर बसून एकच एक बडबडत होता. "आवाज आला नाही. आवाज यायला हवा होता ना? आवाजच आला नाही."

मी त्याच्यासमोरची ताटली उचलली आणि गटारात ओतली. दुसरं काय करणार होते? शिव्या द्यायच्या तर सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती.

गल्लीच्या तोंडाशी आणि रासेमच्या दारावर पांढरं निशाण लागलं. मयताच्या घरावरून जाताना गाडी बंद करून, उतरून, ढकलत न्यायची, ही आमची जुनी रीत आहे. सगळ्यांनी पाळली. सात संध्याकाळी तिच्या घरी प्रार्थना झाल्या, सगळे पुरुष जाऊन बसले. आपल्याच घरी आपल्या पोराने सगळ्यांमध्ये बसावं, एवढंच तिला हवं होतं. बसला की. भिंतीला टेकून. डोक्यावर खिळ्याला तो सायलेन्सर, पडून एका अंगाला चेपलेला.

मग पहार घेऊन माणसं ते खोड काढायला गेली. तोहिर येऊन त्याच्यावर उभा राहिला. "राहू दे," म्हणाला. मुदाकिरने पहार खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तोहिरने स्वतः चुना आणून त्यावर पट्टे मारले.

आम्हाला वाटलं, आता हा कालिमांतानला जाईल. खरं सांगू? काहींना वाटत होतं, जाऊ दे. गेला नाही. निशाण उतरलं, चाळिसावा झाला, तरी रोज कामावरून येतो, त्या खोडाशी गाडी बंद करतो, उतरतो आणि ढकलत आत नेतो. माझ्या टपरीवरून, कांग साविनच्या दारावरून, मुदाकिरच्या दारावरून. प्रत्येक दारावरून सारख्याच सावकाश चालीने. जाताना सकाळीही तसंच.

परवा मुदाकिर रस्त्यात त्याला आडवा झाला. तोंड पार सुकलंय माणसाचं. "तोहिर, बाळा, चालू कर रे गाडी. पाया पडतो. तो तुझा सायलेन्सर लाव, हवं तर. रात्रंदिवस फिरव. कुणी चकार शब्द काढणार नाही."

तोहिर थांबला. रागावला नाही, हेच वाईट. "मयताच्या दारावरून गाडी चालू ठेवून जात नाहीत, पाक. आईनेच शिकवलंय मला."

"अरे, पण निशाण केव्हाच उतरलं."

"माझ्या दारावरचं उतरलं, तुमच्या दारांवरचं नाही," असं म्हणून त्याने हँडल वळवलं आणि निघाला. मुदाकिरला बाजूला व्हावं लागलं. त्याच्या मुलीने आतून दार लावून घेतलं.

संध्याकाळ झाली की अजून सगळी गल्ली पुलाकडे कान लावून बसते. मीही तवंग आलेल्या तेलाकडे बघत बसते. कुठूनच काही ऐकू येत नाही. मग कळतं, तोहिर आला.