पिएरोगीची मुरड

विभावरीला राग यायला वेळ लागे, पण एकदा आला की तो मुक्कामालाच राही. हालिनाला हे ठाऊक नव्हतं, तिथेच तिचं चुकलं.

हालिना रियाधच्या त्या कंपाउंडमधली तिची शेजारीण, पोलंडची. दोघींचे नवरे कामावर गेले की दोघी एकाच ओट्याशी. हालिनाच्या पिएरोगी म्हणजे आपल्या करंज्याच, फक्त पाण्यात उकडलेल्या आणि आत बटाटा नि पांढरं चीज. ते चीज रियाधात मिळेना म्हणून हालिना रडकुंडीला आली, तेव्हा विभावरीने दही फडक्यात बांधून नळाला टांगलं आणि चक्क्यावर काम भागवलं. कडेची मुरड तर विभावरीनेच घालावी. "माझ्या आजीची अशी असायची," असं हालिना दर खेपेला म्हणे.

मग त्या वर्षी ईद झाल्यावर हालिनाने नवऱ्याच्या साहेबांची बायको जेवायला बोलावली. बार्बरा तिचं नाव, तीही पोलिशच. विभावरी सकाळपासून राबली. मुरडीचं कौतुक करत बार्बरा उष्टी ताटली घेऊन स्वयंपाकघरात डोकावली आणि इंग्रजीत म्हणाली, "आणि आपण कोण?"

विभावरीने तोंड उघडायच्या आत हालिना बोलून गेली, "माझी कामवाली. सगळं मीच शिकवलंय तिला."

बार्बराने ताटली विभावरीच्या हातात दिली आणि ती निघून गेली. विभावरीने ती सिंकमध्ये ठेवली, पिठाचे हात धुतले आणि मागच्या दाराने घर गाठलं. तिच्या कानशिलांची आग आग होत होती. सासरी-माहेरी कुणी तिला असं वागवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हालिना हसतच आली. "अगं, पोलिश बाईच्या घरी पिएरोगी भारतीय बाई करते, हे त्या मोठ्या लोकांना कोण सांगणार? मनावर घेऊ नकोस."

"विभा, सोडून दे ना," तिचा नवरा गिरीश म्हणाला. गिरीश बँकेत होता, त्याला सगळंच सोडून देता येई.

"सोडलं," विभावरी म्हणाली. सोडतेय कसली!

नाताळच्या दोन दिवस आधी हालिनाचा फोन आला. आधीची दोन्ही वर्षं नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला विभावरी आणि गिरीश तिच्या टेबलाशी होते. या खेपेला ती म्हणाली, "उद्या फक्त आमचीच माणसं आहेत. बार्बरापण आहे. तू पिएरोगी तेवढ्या करून दे ना. मागच्या दाराने दिल्यास तरी चालेल."

"देते की," विभावरी गोड आवाजात म्हणाली.

तिने कोबी-अळंबीचं सारण भरलं, एकेका पिएरोगीला जीव ओतून मुरड घातली. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाल्यावर इरकली नेसली, डबा घेतला आणि हालिनाच्या पुढच्या दाराची बेल वाजवली.

आत पडदे घट्ट ओढलेले, रियाधात नाताळ उघडपणे करायची सोय नव्हती. टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली रिवाजाप्रमाणे पसरलेलं थोडं गवत, आणि एक ताट रिकामं. ते कुणाचं, हे विभावरीने पहिल्याच वर्षी विचारून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी न बोलावता जो येईल त्याचं ते ताट. त्याला परत पाठवणं म्हणजे देवाला हाकलणं.

"न बोलावता आलेय," विभावरी म्हणाली आणि त्या ताटावर जाऊन बसली.

हालिनाचा नवरा गडबडीने उठून तिला नमस्कार करू लागला. बार्बरा बघतच राहिली. हालिनाचा चेहरा पडला, पण करते काय? तिने सगळ्यांना ओपवातेक वाटलं. ही पिठाची पातळ, पांढरी पापडी. प्रत्येकाने प्रत्येकाची थोडी मोडून खायची आणि वर्षभरात दुखावलं असेल तर क्षमा मागायची. सगळ्यांचं सगळ्यांशी झाल्याशिवाय घास उचलायचा नाही.

विभावरीने सगळ्यांशी पापडी मोडली, बार्बराशीसुद्धा. शेवटी हालिना पुढे झाली आणि पुटपुटली, "मला क्षमा कर."

"कशाबद्दल?" विभावरीने मोठ्याने विचारलं. "सांग की. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मग हालिनाने खाली मान घालून सांगितलं. की ही शेजारीण आहे, कामवाली नाही. की त्या दिवशीच्या पिएरोगी हिने केल्या, आजच्याही हिनेच. की मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. बार्बरा लालबुंद झाली. हालिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने आपली पापडी विभावरीपुढे धरली.

विभावरीला बरं वाटलं, अगदी पोट भरल्यासारखं. आपली पापडी मात्र तिने मांडीवरच ठेवली.

बिटाचं गरम सूप निवू लागलं. पिएरोगीवरचं लोणी थिजायला आलं. "विभावरी, प्लीज," हालिना कुजबुजली, "तू मोडल्याशिवाय कुणालाच जेवता येणार नाही."

"माहितेय मला," विभावरी म्हणाली. "पण मला कसली घाई? मी घरून जेवून आलेय."