डाव्या हाताला समुद्र

"स्वयंपाकघर बघायचं नाही का?" घर दाखवायला आलेल्या दलालबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बघू की. ते कुठे पळून जातंय," तो म्हणाला आणि नवव्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा गॅलरीत गुडघे टेकून एसीच्या बाहेरच्या मशीनखाली बॅटरीचा उजेड टाकू लागला. एका स्क्रूवर त्याने नख घासलं, ते उजेडात धरून पाहिलं, मग मागच्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. सहा वर्षांचं मशीन, समोर समुद्र दिसतोय, आणि गंजाचा ठिपका नाही.

"वा," तो म्हणाला.

घर बघायला आलेला माणूस खोल्या मोजतो, नळ सोडून बघतो, निदान खिडकीतून डोकावून खोटं खोटं तरी हरखतो. हा बुवा स्क्रूवर खूश होता. दलालबाई आपल्याच भाषेच्या होत्या आणि या परमुलखात त्यांनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण घराच्या पाठीमागून घर बघणारा हा पहिलाच.

तो एसी मेकॅनिक होता. तीस वर्षं याच देशात, समुद्रापासून दिवसभराच्या अंतरावरच्या एका कोरड्या शहरात, लोकांच्या भिंती गार करत आला होता. तिथल्या आपल्या लोकांत त्याचं नाव थंडोबा. हे नाव कामावरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती. बायकोचं मत ठाम होतं.

त्याच बायकोसाठी हा सगळा खटाटोप चालला होता. तिचे डोळे जात होते.

जात होते म्हणजे एकदम नव्हे. कडेकडून. आधी संध्याकाळचं दिसेना, मग दोन्ही बाजूंचं दिसेना, आणि आता एखाद्या नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसत होतं. ती कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करायची. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवायची, पण शेजारची खुर्ची तिला दिसत नसे. नडग्यांवर कायम काळेनिळे डाग. ओळखीची माणसं म्हणायची, "वहिनी हल्ली बघून न बघितल्यासारखं करतात." त्यांना काय सांगणार? डॉक्टरांनी नळी दोन वर्षांत बंद होईल असं सांगितलं होतं. अडीच म्हणजे फार झालं.

तिच्या भावाने फोनवर लगेच म्हटलं होतं, "परत या इकडे. आम्ही आहोत ना." भाऊ प्रेमाचाच होता. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तिकडे जाऊन मी एक रस्ता एकटीने ओलांडायची नाही. भाऊ धरेल, वहिनी धरेल, भाच्या धरतील. धरून धरूनच मारतील मला." मग म्हणाली, "आपण समुद्राकाठच्या गावात राहायला जाऊ या. दिसतंय तोवर."

तीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं, म्हणजे मागितलं असेल तर याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कंपनीची दुरुस्तीची वर्कशॉपं समुद्राकाठच्या तीन शहरांत होती. साहेब म्हणाले, कुठेही जा, पण महिनाअखेर फॉर्मवर एकाच शहराचं नाव लिहून द्या, मग बदल नाही. आता निवृत्त होईपर्यंत तेच शहर, आणि नंतरही तेच. कारण दिसेनासं झाल्यावर नव्या गावाचे रस्ते कोण शिकतो? शिकायचे ते आत्ताच, या दोन वर्षांत. एवढी एकच निवड त्या दोघांच्या हातात उरली होती आणि ती चुकवून चालणार नव्हतं.

म्हणून थंडोबाने रजा टाकून तिन्ही शहरं पालथी घातली. त्याच्या पद्धतीने.

"हे काय काढून आणलंत?" परतल्यावर मोबाईल अगदी डोळ्यांसमोर धरून ती एकेक फोटो सरकवत होती. "हे मशीन. हे मशीनच. हा कसला पत्रा?"

"जिन्याचं रेलिंग आहे ते. बघ कसं पापुद्रे सुटलेत. हे पहिलं शहर, बंदराचं. बाद. हे दुसरं, सरळ किनाऱ्याचं. इथे तर कठडा हातात आला माझ्या. चार वर्षांत मशीनची चाळण होते तिथे. बाद. आणि हे तिसरं, टेकडीचं. एकदम टकाटक."

"समुद्र कुठाय?"

"हा काय मागे. कोपऱ्यात."

ती हसली. "तुम्हाला स्वर्गात नेलं तरी आधी तिथल्या एसीचा पाठीमागचा भाग बघाल."

"बघणारच. लोखंड खाणारा वारा माणसाला सोडतो होय?"

हे मात्र तो मनापासून म्हणाला. ज्या घरात वस्तू टिकतात त्या घरात माणूसही टिकतो, एवढं एकच तत्त्वज्ञान त्याच्यापाशी होतं, आणि कामात त्याला ते कधी दगा देऊन गेलं नव्हतं. तिला समुद्र डोळे भरून बघून घ्यायचा आहे, असंच त्याने धरून चाललं होतं. नवव्या मजल्यावरून टेकडीच्या खांद्यावरून अख्खा समुद्र दिसत होता. आणखी काय हवं? या खेपेला आपण बायकोच्या मनासारखं केलं, या समाधानात तो तीन दिवस शीळ घालत फिरला. थंडोबाच्या मानाने हा कहरच.

पुढच्या आठवड्यात तो तिला टेकडीच्या शहरात घेऊन गेला. दलालबाईंनी दार उघडलं. ती हळूहळू मान फिरवत प्रत्येक खोली तुकड्यातुकड्याने बघून आली, मग खिडकीशी उभी राहिली.

"दिसतोय?" त्याने विचारलं.

"दिसतोय. उघडा जरा ही."

"उघडत नाही ती. अखंड काच आहे. त्यामुळेच तर खारं वारं आत येत नाही."

तिने काचेवर हात टेकवून पाहिला. खाली गेल्यावर मात्र इमारतीच्या दारात थांबली आणि डोळे मिटून घेतले. मग उजवीकडे चालू लागली. रस्ता टेकडीला वळसे घेत जाणारा. पहिल्या वळणावर ती फुटपाथ सोडून उभ्या गाड्यांमध्ये शिरली. तो धावला.

"येऊ नका. विचारा मला, समुद्र कुठे आहे."

"अगं, काय हे..."

"विचारा."

"कुठे आहे?"

डोळे मिटूनच तिने हात लांब करून दाखवलं. समोर लाँड्रीची भिंत होती. समुद्र तिच्या पाठीमागे होता.

तिने डोळे उघडून पाहिलं आणि मान हलवली. दलालबाई चांगल्या समंजस. त्यांना एकदम कुणाला तरी फोन करायची आठवण झाली आणि त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्यासाठीच हे शोधलं मी," तो म्हणाला. आवाज जरा चढलाच. "वरून किती छान दिसतो."

"दिसतो ना. चित्रासारखा दिसतो. अजून दोन वर्षं दिसेल. पुढे काय करू त्या चित्राचं?"

तो मान वर करून नवव्या मजल्याच्या काचेकडे बघू लागला.

"मला बघायला नको होता हो समुद्र. एका बाजूला हवा होता. वारा लागला, आवाज आला की कळतं आपण कुठे तोंड करून उभे आहोत. जाताना डाव्या हाताला, येताना उजव्या. कुणाला विचारायला नको. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. मी तोही मागत नाही, एक सरळ रस्ता मागतेय."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मी आहे ना हात धरायला."

तो हेच म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं, ते त्याने मिटलं. त्याला लागलं. तीस वर्षं संसार केला आणि आपला हात हिला नको झाला, असं वाटलं, आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना. तिने ते ओळखलं असणार.

"तुम्ही सकाळी सातला कामावर जाता, रात्री आठला येता," ती म्हणाली. "मधले तेरा तास मी काय करू? भिंतीला टेकून बसू? आणि माणसाचं काय हो, आज आहे उद्या नाही. तुमचा हात मला आवडतो. पण त्याच्याशिवाय पाव आणता आला पाहिजे."

परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. ते बदलून दोघं सरळ किनाऱ्याच्या शहरात गेली.

तिथलं घर थंडोबाने स्वतःच बाद केलेलं. एकमजली जुन्या घरांची लांबच लांब रांग, घरांसमोर एकच सलग लोखंडी कुंपण, मग फुटपाथ, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडे समुद्र. तो अक्षरशः कानाशी गर्जत होता. इथल्या दलालाने किल्ली हातात दिली आणि 'निवांत बघा, तासाभराने येतो' म्हणून निघून गेला. खिडक्यांच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या. बाहेरचं मशीन तर बघवत नव्हतं. तरी सवयीने त्याने त्यात बोट घातलंच आणि काढून पँटला पुसलं.

ती मात्र दारात उभी राहून वारा खात होती. म्हणाली, "मघाशी येताना बेकरी दिसली. इथून उजवीकडे नाक्यापर्यंत, नाका ओलांडला की लगेच. मी पाव घेऊन येते."

"चल."

"तुम्ही नाही. तुम्ही आत बसा. खिडकीतूनसुद्धा बघायचं नाही."

"नाक्यावर गाड्या असतात."

"सिग्नलसुद्धा आहे. टकटक वाजणारा आहे, येताना ऐकलंय मी."

"पडलीस तर?"

"उठेन."

ती गेली. फाटक वाजलं. इतकी वर्षं लोकांच्या मशीनची खडखड बंद करण्यात घालवलेल्या माणसाला तो आवाज फार मोठा वाटला. तो रिकाम्या खोलीत उलट्या ठेवलेल्या एका खोक्यावर बसला. घड्याळ बघितलं. उठला. नळ सोडून बघितला, बंद केला. परत घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती. नाक्यावर कुणीतरी करकचून ब्रेक लावला आणि तो ताडकन उठला, मग बसला, कारण त्यामागून काही आरडाओरडा आला नाही. दहा मिनिटं त्याने कशीबशी काढली. अकराव्या मिनिटाला शब्द मोडून तो बाहेर आला आणि फाटकाशेजारी कुंपणाला टेकून उभा राहिला.

शेजारच्या घरातला म्हातारा झाडांना पाणी घालत होता. "कुणाची वाट बघताय?" त्याने विचारलं.

"नाही, असाच उभा आहे."

मग ती दिसली. नाका ओलांडून अलीकडे आली होती. छातीशी पावाची पिशवी धरलेली, डावा हात कुंपणावरून सरकवत, नजर समोरच्या चार पावलांवर. चालायची घाई नाही, बिचकणंही नाही. मान जरा समुद्राकडे कललेली, कुणाचं तरी बोलणं ऐकत चालल्यासारखी. तिला असं चालताना त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर असताना ती नेहमी अर्धं पाऊल मागे असायची.

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण पकडले जाणार. आत जायचं तर फाटक वाजेल. कुंपणाशी थांबायचं तर तिचा हात सरळ आपल्या बरगडीवर येईल. ती दहा पावलांवर आली तेव्हा तो फुटपाथच्या कडेला, समुद्राच्या बाजूला सरकला आणि श्वास रोखून उभा राहिला.

ती आली. हात लांब केला असता तर तिचा पदर हातात आला असता, इतकी जवळून आली. कपाळावर घाम होता, ओठ हलत होते. ती फाटकं मोजत होती. तो तिच्या उजव्या खांद्याशी, भर उजेडात, छपन्न वर्षांचा अख्खा माणूस उभा होता. आणि ती पुढे गेली.

डॉक्टरांनी तिला दिसतं तेवढं वर्तुळ कागदावर काढून दाखवलं होतं, त्याने मान डोलावली होती. नडग्यांना मलम तो रोज लावत होता. पण आपणच त्या वर्तुळाबाहेर उभे आहोत, हे त्याला आज कळलं. तिला मारायची, तोंडाशी आलेली हाक त्याने गिळली. समुद्राच्या आवाजात ती बहुधा ऐकूही गेली नसती.

तिने दोन फाटकं सोडली नाहीत की एक आधी धरलं नाही. बरोबर आपल्याच फाटकाची कडी चाचपून काढली, आत गेली, मागे वळून ते नीट लावून घेतलं. मग घराचं दार उघडल्याचा आवाज आला.

म्हातारा पाण्याची नळी तशीच हातात धरून त्याच्याकडे बघत होता. थंडोबाने त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली, वाकून बूट काढले, ते हातात घेतले आणि त्याच्या वाफ्यांमधून, ओल्या मातीतून, आपल्या घराच्या मागच्या दाराकडे निघाला. म्हाताऱ्याने नळी बाजूला करून त्याला वाट दिली.

"अहो, आले मी," आतून तिची हाक आली. "कुठे आहात?"

"इथेच," स्वयंपाकघरात पाऊल टाकता टाकता तो म्हणाला. "आतच होतो."

ती पाव घेऊन आली. चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झाला होता. "गरम आहेत अजून," ती म्हणाली. "बघा, हात लावून बघा."

त्याने हात लावून बघितला. पाव गरम होते. फॉर्मवर याच शहराचं नाव लिहायचं का, हे आता विचारायची गरज नव्हती.

"वाटेत कोणी भेटलं?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कोणीसुद्धा नाही."