अळणी चानक्या

शमुवेल मास्तरांनी आयुष्यात बढाया काही कमी मारल्या नव्हत्या. पण मारलेली बढाई निस्तरायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली, आणि तीही पाच वर्षांच्या नातीमुळे.

झालं असं. मास्तरांचा मुलगा नोहा जपानात नोकरीला. रविवार आला की तो आणि त्याची बायको एंजेला लेकीला, शॅरनला, घेऊन शहराबाहेर, खेड्याकडे जायचे. तिथे शेळ्या, ससे, हरणं माणसाच्या हातून खात. शॅरन ते आजोबांना मोबाईलवर दाखवायची. ती हरणापुढे कमरेत वाकायची, मग हरीणही मान खाली घालायचं, आणि मगच ती त्याला बिस्कीट भरवायची. इकडे श्रीगोंद्यात मास्तरांच्या पोटात दुखायला लागायचं. आपल्या नातीनं परमुलखातल्या हरणांचं एवढं कौतुक करावं म्हणजे काय! एका रविवारी त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "त्यात काय मोठंसं? आमच्या रेहेकुरीला ये. तिथली काळविटं याहून देखणी. तुझ्या हातनं खातील."

"प्रॉमिस?" शॅरननं विचारलं.

"प्रॉमिस!" मास्तर म्हणाले. स्वतः ते रेहेकुरीला एकदाही गेले नव्हते.

नाताळाला मंडळी आली. पण पोरगी काही जवळ येईना. मोबाईलमधले आजोबा तिला चालत. समोरचे, झुपकेदार मिशांचे, वर्गात गरजून गरजून आवाज कमावलेले आजोबा दिसले की ती एंजेलाच्या ओढणीत शिरायची. मास्तरांनी करंजी पुढे केली, फुगा आणला, एकदा तर गाणं म्हणून पाहिलं. गाण्यानं ती रडलीच. मास्तरांना फार लागलं. जेवण कमी झालं. आता सगळी भिस्त काळविटांवर होती. एकदा हरणानं तिच्या हातून खाल्लं, की पोरगी आपली!

जायच्या दिवशी त्यांनी भल्या सकाळी बायकोला, मेरीबाईंना, चुलीपुढे बसवलं. हरणांसाठी बाजरीच्या चानक्या हव्या होत्या, पोरांसाठी करतात तशा तळहाताएवढ्या भाकरी.

"मीठ घालू नको. जनावराला बाधतं," मास्तरांनी बजावलं.

"आवो, तुमी कवा हरनं पाळली हुती?" मेरीबाई म्हणाल्या. "कालवनात मीठ कमी पडलं तर ताट सरकवनारा मानूस, आन् हरनाच्या पोटाची काळजी!"

मास्तरांनी डबा स्वतःच्या हातानं भरला.

रेहेकुरीच्या अभयारण्याच्या दारात कानिफनाथ नावाच्या वनरक्षकानं पहिला तो डबाच पाहिला.

"सर, ह्यो गाडीत ठिवा. हितं खायाला घालायचं न्हाई."

"अहो, लहान पोर आहे. लांबून आलंय."

"आसंल की. पर ही रानातली हरनं हायत. घालायचं म्हनलं तरी जवळ येत न्हाईत, मानसाचा वास आला की उधळत्यात."

मास्तरांचा चेहरा उतरला. नियम मोडणाऱ्या पोरांना जन्मभर छड्या दिलेला माणूस, त्यांनी निमूट डबा गाडीत नेऊन ठेवला. शॅरनला मात्र काहीच सांगायला त्यांची जीभ रेटेना.

पिवळ्या गवतात कळप चरत होता. पिळाच्या शिंगांचा एक काळाभोर नर मान उंच करून उभा होता. शॅरन चार पावलं पुढे गेली आणि कमरेत वाकली, अगदी तिकडे वाकायची तशी. नरानं कान टवकारले आणि दुसऱ्या क्षणी सगळा कळप उड्या मारत पार लांब गेला. पोरगी तशीच वाकलेली. मान वर केली तेव्हा समोर नुसतं गवत होतं.

ती वळली आणि आल्यापासून पहिल्यांदाच मास्तरांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "मला माहीत नव्हतं. मी उगाच मोठेपणा केला."

सगळे बाहेर आले. गाडीजवळ लिंबाखाली मेरीबाईंनी सतरंजी अंथरली. नोहानं लेकीची समजूत काढून पाहिली, पण ती डब्यातली एक चानकी हातात धरून उभीच राहिली. भरवायचं कोणाला?

मास्तर उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मेरीबाईंच्या हातात दिली. शिक्षणाधिकाऱ्यापुढे जी मान कधी झुकली नव्हती, ती घेऊन ते शॅरनपुढे उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"आवो, कंबर!" मेरीबाई ओरडल्या.

मास्तर हलले नाहीत. शॅरननं आधी आईकडे पाहिलं, मग त्या टकलाकडे. मग तीही रीतसर वाकली आणि चानकीचा तुकडा तळहातावर घेऊन हात पुढे केला. मास्तरांनी तो तोंडानंच उचलला. मिशांच्या गुदगुल्या झाल्या तशी पोरगी खिदळली. तिच्या हसण्यानं मास्तरांचे डोळे भरून आले.

चानकी अळणी, वर गार होऊन वातड झालेली. ती चावता चावेना.

"चटनी दिऊ का?" मेरीबाईंनी हसू दाबत विचारलं.

"आजी, हरीण चटणी खात नाही," शॅरननं ठणकावलं. एका हातानं तिनं आजोबांचा कान धरला होता. "आजोबा, अजून पाहिजे?"

डब्यात पुष्कळ चानक्या उरल्या होत्या. मास्तरांनी घास कसाबसा गिळला आणि पुन्हा वाकले.