बदकमावशीचं तळं

शाळांना सुट्टी लागली की माझं काम दुप्पट होतं. एरवी मुलं संध्याकाळी तासभर खेळतात. उन्हाळ्यात दात घासायच्या आधीपासून सुरू.

खेळ तसा साधा आहे. प्रत्येकाला एक बेट, बेटावर तळं, तळ्यात बदकं. बदकांना रोज दाणे घालायचे. तीन दिवस नाही घातले तर ती उडून जातात, परत येत नाहीत. मुलं होडीतून एकमेकांच्या बेटावर जातात, गप्पा टाइप करतात, देशोदेशीची मुलं, जो तो आपल्या भाषेत. यंत्र ते ज्याला त्याला त्याच्या भाषेत करून दाखवतं. आणि त्यातलं एखादं वाक्य यंत्राला खटकलं की ते माझ्याकडे येतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली असते, एका पायानं बाळाची खुर्ची झुलवत. ते वाक्य वाचायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं: 'जाऊ दे', 'गप्प' किंवा 'वर पाठव'. वेळ चाळीस सेकंद. 'वर पाठव' दिवसातून पाचदाच. सहाव्यांदा दाबलं की आमच्या मॅडमचा फोन येतो. मॅडमना आम्ही बायका आपसांत स्टॉपवॉच म्हणतो.

'गप्प' म्हणजे काय, हे मला नोकरी लागली तेव्हा दोनदा विचारावं लागलं होतं. गप्प केलेल्या मुलाला ते कळत नाही. ते टाइप करतं, त्याला स्वतःला आपलं वाक्य दिसतं, बाकी कोणालाच दिसत नाही. बहात्तर तास. असं केलं की मूल चिडत नाही, खेळ सोडून जात नाही, पालकांचे फोन येत नाहीत. त्याला फक्त वाटतं, आज आपल्याशी कोणी बोलत नाहीये.

त्या आठवड्यात दूरच्या एका देशात लढाई पेटली होती. सोमवारी आम्हाला नवा नियम आला: मुलांचा आनंद जपा, बाहेरच्या घडामोडी खेळात नकोत. सोबत शब्दांची यादी. सायरन, तळघर, विमान, असे साठेक.

आम्ही खरं तर त्या आठवड्यात समुद्रावर असणार होतो. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला वर्षातून एकदा सलग सुट्टी मिळते. पण बाळाला ताप आला आणि भरलेल्या बॅगा आम्ही पुन्हा रिकाम्या केल्या. तेव्हापासून तो बनियनवर टीव्हीसमोर बसून होता.

"आवाज कमी कर ना जरा. आत्ता डोळा लागलाय त्याचा."

"अगं, लढाई आहे ती. कुजबुजत कशी चालेल?"

"मग तू तरी कुजबुज."

"मी काय बोललो? मी तर फक्त उसासे टाकतोय."

आमची मोठी, आठ वर्षांची, जमिनीवर पालथी पडून टॅबलेटवर तिच्या बेटाला कुंपण घालत होती. तिला आम्ही टिटवी म्हणतो, कारण ती हळू बोलू शकत नाही. "बाबा उसासे पण मोठ्यानं टाकतात," ती ओरडली, आणि बाळ उठलं.

गुरुवार होता तो. अकरा वाजायला आले होते. माझे पाच 'वर पाठव' दहालाच संपले होते, कारण त्या दिवशी सगळी पोरं सायरनबद्दलच बोलत होती. बाळ किंचाळत होतं, आणि पडद्यावर तीन ओळी आल्या. खेळाडूचं नाव बदकमावशी. वय नऊ ते बारा.

'आम्हाला शाळेच्या तळघरात नेत आहेत.'

'तिथे चार्जिंग असेल की नाही माहीत नाही.'

'कोणी माझ्या बदकांना दाणे घालेल का? सात आहेत.'

मी वाचलं नव्हतं असं आता म्हणायला सोपं आहे. वाचलं होतं. सगळं वाचलं होतं, आणि सात हा आकडा मनात राहिलासुद्धा. 'जाऊ दे' दाबलं असतं तर तपासणीत चूक निघाली असती, महिन्यातली तिसरी, आणि तिसरीला काम जातं. अकरा सेकंद उरले होते. मी 'गप्प' दाबलं आणि बाळाला उचललं. पडद्यावर हिरवी खूण आली.

बाळाला खांद्यावर थोपटत बाहेरच्या खोलीत गेले, तर टीव्हीवर बायका-मुलं पायऱ्या उतरून कुठेतरी खाली जात होती. एका मुलीच्या हातात उशी होती. ती ही नव्हे, मला ठाऊक होतं. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

मी मॅडमना निरोप पाठवला. लगेच उत्तर आलं, आपोआप येणारं: 'मी सुट्टीवर आहे. डोंगर, थंड हवा आणि फोन बंद! सोमवारी भेटू.' खाली हसरा सूर्य. मग ऑफिसला फोन लावला. कोणी तरुण मुलगा होता.

"माझ्याकडून एक मूल चुकून गप्प झालंय. मोकळं करायचंय."

"ते मॅडमच करू शकतात, ताई. तुम्ही अर्ज भरा. कामाचे दोन दिवस लागतात."

"आज गुरुवार आहे."

"म्हणजे सोमवारी होईल."

"अहो, पण रविवारी तर त्याची मुदतच संपतेय!"

"मग झालंच की!" तो मनापासून खूश होऊन म्हणाला.

खेळणाऱ्या मुलांच्या बेटावर आम्ही जायचं नाही, असं करारात लिहिलेलं आहे. दुपारी बाळ झोपल्यावर मी टिटवीशेजारी जमिनीवर जाऊन बसले.

"मला तुझ्या होडीतून एका ठिकाणी ने ना."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला? तुला तर वल्हंपण मारता येत नाही."

"म्हणून तर तुला म्हणतेय."

"कोणाकडे जायचंय?"

"बदकमावशी म्हणून आहे कोणी."

नाव शोधून ती मला घेऊन गेली. छोटं बेट होतं, फार सजवलेलं नाही. तळ्याकाठी पिवळी टोपी घातलेली एक मुलगी उभी होती. म्हणजे त्या क्षणी ती खेळात होती. कुठेतरी जिना उतरून, भिंतीला टेकून, फोन हातात धरून.

'आत येऊ का?' टिटवीनं लिहिलं. फाटक उघडलं. पिवळी टोपी धावत आमच्यापर्यंत आली आणि समोर थांबली. डोक्यावर काही उमटलं नाही.

"बोलत नाहीये ही," टिटवी म्हणाली. "शिष्ट दिसतेय."

"शिष्ट नाहीये."

"मग?"

"तिला बोलता येत नसेल."

"मुकी आहे?" टिटवीचा आवाज चक्क खाली आला. तिनं क्षणभर विचार केला. "मग उड्या! उड्या मारता येतात ना तिला." आणि भराभर टाइप केलं, 'हो असेल तर एक उडी, नाही असेल तर दोन. तुझ्या बदकांना आम्ही दाणे घालू?'

एक उडी. मग थांबून आणखी सहा-सात, उगीचच.

"अगं एकच मारायची!" टिटवी हसायला लागली. पण तिला आवडलं होतं. मग पिवळी टोपी तळ्याकडे गेली, आम्ही मागून. ती एकेका बदकापाशी जाऊन उभी राहायची, थोडा वेळ थांबायची, मग पुढच्याकडे. सातही बदकं झाली.

"मोजून दाखवतेय," टिटवी म्हणाली. "आपण काय चोर आहोत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी बाबाबरोबर बर्फ आणायला गेली होती. मी एकटीच टॅबलेट घेऊन बसले. होडी दोनदा खडकावर आपटली. पिवळी टोपी तळ्याकाठीच होती. मी दाणे टाकले. मग कितीतरी वेळ अक्षरांवर बोटं ठेवून बसले. काही भलतं लिहिलं तर यंत्राला खटकणार, आणि ते माझ्यासारख्याच कोणा बाईच्या टेबलावर जाऊन पडणार.

'तू बरी आहेस ना?' मी लिहिलं.

ती उभीच राहिली. मग एक उडी.

'तुझ्याजवळ कोणी मोठं माणूस आहे?'

या वेळी फारच वेळ गेला. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग तिनं एक उडी मारली.

माझा जीव भांड्यात पडला. नवरा बर्फ घेऊन आला तेव्हा मी त्याच्यासाठी सरबत करत गुणगुणत होते. "काय गं, पगार वाढला की काय?" त्यानं विचारलं.

शनिवारी टिटवीच म्हणाली, "चल, आपल्या मुक्या मैत्रिणीकडे." फाटक उघडंच होतं. पिवळी टोपी नव्हती. आम्ही दाणे टाकले. टिटवीनं तळ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि झाडामागे बघितलं, लपली असेल म्हणून.

बाहेर नवरा टीव्ही बंद करत होता. "अख्ख्या शहराची वीज गेलीय म्हणे," तो म्हणाला. "दाखवायला चित्रंच नाहीत त्यांच्याकडे. सकाळपासून तोच नकाशा." आणि मग माझ्याकडे बघून, "तुझं तोंड का उतरलंय?"

"उकडतंय," मी म्हणाले.

रविवारी अकराला मुदत संपली. मुदत संपली की त्या मुलानं मधल्या वेळात काय काय लिहिलं त्याची यादी ज्यानं गप्प केलं त्याच्याकडेच येते. ती वाचून ठरवायचं, मोकळं करायचं की आणखी बहात्तर तास. या यादीला चाळीस सेकंदांचं बंधन नसतं. एकूण अडतीस ओळी होत्या. बाळ मांडीवर झोपलं होतं, त्याच्या मानेवर घामोळं आलं होतं. मी वाचत गेले.

गुरुवार. 'कोणी आहे का?' 'मी काल भांडले का कोणाशी?' 'कोणीतरी उत्तर द्या ना.' मग, 'तुम्ही आलात! हो! घाला दाणे! हो हो हो!' आणि त्याखाली ओळीनं सात ओळी. 'हा बुटका.' 'ही राणी.' 'हा नेहमी उलटा पोहतो.' 'ही आजीची लाडकी.' एकेका बदकापाशी थांबून ती आम्हाला त्यांची ओळख करून देत होती.

'तुम्हाला माझं दिसत नाहीये ना?'

शुक्रवार. माझे प्रश्न तिथे नव्हते, फक्त तिची उत्तरं होती. तरी मला प्रत्येक प्रश्न पाठ होता.

'इथे फार अंधार आहे. पण आवाज आता कमी आहेत. मी हो म्हणते.'

त्याच्या खाली, 'आजी आहे. पण ती सकाळपासून उठत नाहीये. मी हलवलं तरी. हे हो की नाही?'

चार मिनिटांचं अंतर. 'मी हो म्हणते.'

मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. त्या उडीवर मी परवा सरबत केलं होतं. सगळ्यांना बर्फ घालून दिलं होतं.

शेवटची ओळ शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराची होती. 'दोन टक्के राहिलेत. बुटक्याला आधी घालत जा. नाहीतर बाकीचे त्याला खाऊ देत नाहीत.'

पुढे काही नव्हतं. खाली दोन बटणं होती. मी 'मोकळं' दाबलं. हिरवी खूण आली. आता ती काहीही बोलली असती तरी जगभर सगळ्यांना दिसलं असतं.

दुपारी टिटवी टॅबलेट घेऊन माझ्याजवळ आली. "चल ना. आज तरी असेल." फाटक उघडं, तळं, सात बदकं. तिनं मूठभर दाणे टाकायला घेतले.

"आधी त्याला घाल," मी म्हणाले. "तो काठावरचा, छोटा. त्याचं नाव बुटका आहे."

"तुला काय माहीत?"

"तिनं सांगितलं."

"कधी? ती तर बोलत नाही!"

"बोलत होती. गुरुवारपासून बोलत होती."

"मग मला कसं नाही दिसलं?"

मी काहीतरी ठोकून देऊ शकले असते. नेटवर्क म्हणता आलं असतं. आठ वर्षांची आहे, पटलं असतं तिला.

"मी तिला गप्प केलं होतं," मी म्हणाले. "माझं काम आहे ना, त्यात. तुम्हा कोणालाच तिचं बोलणं दिसू नये असं बटण मी दाबलं."

"का? वाईट बोलली?"

"नाही."

"मग काय बोलली?"

"बदकांना दाणे घालाल का, असं विचारत होती."

टिटवी माझ्याकडे बघत राहिली. एवढी गप्प मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती ओरडली असती, रुसली असती, तर बरं झालं असतं. तिनं फक्त टॅबलेट माझ्या मांडीवरून आपल्याकडे ओढून घेतला, पाठ केली, आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "बाकीच्यांची नावं काय?"

मी एकेक सांगत गेले. ती एकेकाला दाणे घालत गेली, आधी बुटक्याला.