सातव्या मजल्यावरची गुडगुड

हार्बिन या कडाक्याच्या थंडीच्या चिनी शहरात, सातव्या मजल्यावरच्या तोंग आजींच्या घरात शेजारीपाजारी दाटीवाटीनं उभे होते आणि गरम पाण्यानं घर तापवणाऱ्या नव्या रेडिएटरला देवाच्या पायांसारखा हात लावत होते.

"तापला गं! खरंच तापला!"

सकाळी बर्फासारखं असलेलं लोखंड भुतं उतरवणाऱ्या फेई महाराजांनी त्यावर पिवळं कापड टाकून, झांजा बडवून गरम केलं होतं. कापडाखालून फुस्स आवाज निघाला, तेव्हा धीट बायासुद्धा मागं सरल्या होत्या.

"या खोलीतून आत्मा गेला!" महाराजांनी घाम पुसला. "पाताळाच्या कचेरीत आपली ओळख आहे, म्हणून एवढ्यावर निभावलं. आजी, यंदा थंडीच्या सणाला गेलेल्या नवऱ्यासाठी कागदी कपडे जाळलेत?"

तोंग आजींनी मान खाली घातली. सणाला त्या तापानं फणफणल्या होत्या. कागद जाळतात त्या चौकापर्यंत सोबत करायला कुणी नव्हतं.

"मग? उघडा कुडकुडतोय बिचारा. तुमची ऊब पितोय! आता कागदानं भागायचं नाही. त्याचा तो मेंढीच्या कातड्याचा कोट माझ्याकडे द्या, मी जाळतो. मग झोपायची खोलीही तापेल."

नवऱ्याच्या अंगाचा वास त्या कोटातच काय तो उरला होता. नवे रेडिएटर बसल्यापासून त्यांत गुडगुड व्हायची. ती ऐकली की आजी हळूच विचारायच्या, "थंडी वाजते का हो?" दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. त्यांनी कोट पुढं केला.

"थांबा, काकू." खालच्या मजल्यावरच्या ओउयांग बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पिवळं कापड उचललं. कोपऱ्यावर काळपट ओला डाग होता. "महाराज, भूत गंजाचं पाणी शिंकतं होय?"

"अविश्वासानं देव कोपतो, बाई!"

"देव कशाला कोपेल? बाही झटका जरा."

बाहीतून पितळेची चिमुकली चावी खणकन पडली.

बाईंनी ती झोपायच्या खोलीत आजींच्याच हाती दिली. रेडिएटरच्या वरच्या टोकाला बारीक झडप होती. "थोडीशी फिरवा."

फुस्स!

"चालले का हो ते?" आजींचे डोळे भरले.

"हवा आहे, काकू. नव्या पाइपांत पाणी भरलं की हवा वर चढते आणि सगळ्यात वरच्या घरात अडकते. मग गरम पाण्याला जागाच उरत नाही. गुडगुड तिचीच."

बाईंनी खाली धरलेल्या मगात झडपेनं पाणी थुंकलं. आजींनी चावीनं झडप बंद केली. लोखंड कोमट झालं, मग चटका देऊ लागलं.

महाराज जिन्यावरून सटकले. "कचेरीत आमचा नमस्कार सांगा!" कुणीतरी ओरडलं. हसत हसत सगळे पांगले.

घर उबदार झालं, आणि अगदी गप्प. आजी कान देऊन बसल्या. "बाई, आवाज होता तेव्हा बरं वाटायचं हो."

बाईंनी कोट गरम रेडिएटरजवळच्या खुर्चीवर ठेवला आणि चहाचं पाणी चढवलं.

बाबांनो, देवावर भाव ठेवा, गेलेल्यांची आठवण ठेवा; पण कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी कापड उचलून बघा. आणि वरच्या मजल्यावर एकटं माणूस राहत असेल, तर भोंदूच्या आधी तुम्ही जिना चढा.